आई-बाबांना एकदाच फर्स्ट क्लासने पाठवायचं, तर कोणत्या टप्प्याला?

प्रश्न असा आहे. पुण्यात राहणारे आई-बाबा, दोघंही सत्तरीपुढचे, मुलीकडे न्यू जर्सीला निघालेत. लग्नाला पन्नास वर्षं होताहेत म्हणून मुलाला त्यांना एकदा फर्स्ट क्लासने पाठवायचंय, पण दोन्ही बाजूंचा खर्च झेपणारा नाही. मग जातानाचं घ्यावं की येतानाचं? कोणत्या कंपनीचं? आणि विमानतळावरच्या खास विश्रामकक्षाला लाउंज-लाउंज म्हणतात, त्यात खरंच काही असतं का? आई शाकाहारी आहेत, बाबांचे गुडघे दुखतात.

तिकिटांच्या धंद्यात केस पांढरे झालेत, तेव्हा आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. जातानाचं घ्या. त्यातही पूर्ण प्रवासाचं नको. मुंबई–दुबई बिझनेसने जाऊ दे, फक्त दुबई–न्यूयॉर्क एवढा टप्पा दुबईच्याच एमिरेट्स कंपनीच्या फर्स्टचा घ्या, आणि तो सकाळी निघणाऱ्या ए-३८० चा, म्हणजे एअरबसच्या दुमजली विमानाचा. येताना बिझनेस किंवा प्रीमियम इकॉनॉमी (साध्या इकॉनॉमीपेक्षा जरा ऐसपैस वर्ग), खिशाला जे परवडेल ते.

मी सगळ्यांना एकच सांगत आलोय: फर्स्ट घ्यायचं ते विमान कंपनीच्या स्वतःच्या गावाहून निघणाऱ्या लांब उड्डाणाचं, आणि शक्यतो दिवसाचं. फर्स्टच्या तिकिटातला निम्मा पैसा जमिनीवरच्या सोयींचा असतो, आणि त्या सोयी कंपनी आपल्या घरीच मांडून ठेवते. दुबईत एमिरेट्सचं फर्स्टचं लाउंज स्वतंत्र आहे. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाला टर्मिनल ४ वरही त्यांचं स्वतःचं लाउंज आहे, वाईट नाही, पण तिथे फर्स्ट आणि बिझनेसचे प्रवासी एकत्रच बसतात. म्हणजे येताना फर्स्ट घेतलंत, तर विमानात चढेपर्यंत तुम्हाला बिझनेसवाल्यापेक्षा वेगळं फारसं काही मिळत नाही. दुबईला उतरल्यावर पुढे मुंबईचा टप्पा जेमतेम तीन तासांचा, तोही बहुतेक वेळा झोपेत जाणारा.

तीच गोष्ट इतरांची. लुफ्तान्साची फ्रँकफर्टमधली फर्स्ट क्लास टर्मिनल नावाची स्वतंत्र इमारत २००४ पासून आहे. आत बाथटबची न्हाणीघरं, बाहेर पडायला तिथलाच पासपोर्ट काउंटर, आणि विमानापर्यंत पोर्शे किंवा मर्सिडीजमधून सोडतात. लोक तिथली रबराची बदकं जमवतात, हेही खरं. पण ही इमारत फ्रँकफर्टहून फर्स्टने निघणाऱ्यांसाठी. फर्स्टने येऊन उतरलात म्हणून कोणी आत घेत नाही. शिवाय ती मुख्य टर्मिनलच्या बाहेर आहे. अमेरिकेचा व्हिसा आहे पण शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा एकत्रित व्हिसा) नाही, अशा भारतीय पासपोर्टवाल्याला फ्रँकफर्टमध्ये विमान बदलताना इमिग्रेशन ओलांडून तिथे जाता येत नाही. त्याला आतल्या फर्स्ट लाउंजवर समाधान मानावं लागतं. ही गोष्ट तिकीट विकताना फारसं कोणी सांगत नाही. तुमच्या आई-बाबांकडे शेंगेन नसेल, तर त्या टर्मिनलसाठी लुफ्तान्सा निवडण्यात अर्थ नाही.

सिंगापूर एअरलाइन्सचे सुइट्स हा वेगळाच प्रकार. ए-३८० च्या वरच्या मजल्यावर सहाच खोल्या, त्यात खुर्ची वेगळी आणि पलंग वेगळा. पुढच्या-मागच्या दोन खोल्यांमधली भिंत उतरवून जोडप्याला डबल बेडही करून देतात. मुंबई–सिंगापूर मार्गावर हे विमान येतं. पण तो टप्पा साडेपाच तासांचा, आणि मुंबईहून रात्री उशिरा निघालं की जेवून आडवं होईतो उजाडतं. सिंगापूर–न्यूयॉर्क हे त्यांचं जगातलं सर्वांत लांब उड्डाण, अठरा तासांहून जास्त, त्यात फर्स्ट क्लास मुळातच नाही. बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी एवढेच वर्ग. कतार एअरवेजचं फर्स्ट फक्त ए-३८० मध्ये. एअर इंडियाच्या एअरबस ए-३५० विमानांमध्येही फर्स्ट नाही. ‘लांब उड्डाण म्हणजे फर्स्ट असणारच’ हे गृहीत धरून लोक बजेट ठरवतात आणि मग फोनवर वाद घालतात.

अबूधाबीच्या एतिहाद कंपनीचा एक पर्याय मात्र तुमच्यासाठी विचार करण्यासारखा आहे. अबूधाबीहून न्यूयॉर्कला त्यांचं ए-३८० जातं. त्यात एकच वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना बंद दाराच्या नऊ खोल्या. अबूधाबीत अमेरिकेचं इमिग्रेशन निघण्याआधीच होतं, म्हणजे जेएफकेला उतरल्यावर आई-बाबांना त्या लांबच लांब रांगेत उभं राहायला नको; देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडतील. दुखऱ्या गुडघ्यांसाठी हा फायदा शॅम्पेनपेक्षा मोठा. त्यासाठी लाउंजमधून लवकर उठावं लागतं, एवढीच खोट. दर सारखे असतील तर मी हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन, आणि बाबांचे गुडघे फारच दुखत असतील तर पहिल्यावर.

आता एमिरेट्सच का, आणि ए-३८० च का. त्यांच्याकडे फर्स्टच्या तीन तऱ्हा आहेत आणि वेबसाइटवर तिघींचं नाव एकच, ‘फर्स्ट’. २०१७ च्या शेवटी आलेल्या नव्या बोइंग ७७७ मधल्या सहा खोल्या पूर्ण बंद होतात, छतापर्यंत दार. फोटो पाहून सगळे त्यावर भाळतात. पण तिथे मांडणी १-१-१ आहे. म्हणजे नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या खोलीत, मध्ये वाट आणि दोन भिंती. मधल्या खोलीला तर खरी खिडकीही नाही, बाहेरचं दृश्य कॅमेऱ्यातून पडद्यावर दिसतं. एकट्या साहेबाला उत्तम. पन्नास वर्षांच्या संसारानंतर एकमेकांशी बोलायला फोन करायचा असेल तर घ्या! जुन्या ७७७ मध्ये आणि ए-३८० मध्ये मांडणी १-२-१ आहे. ए-३८० च्या वरच्या मजल्यावर पुढे चौदा जागा, त्यात मधल्या ई आणि एफ शेजारी-शेजारी. मधला पडदा खाली केला की दोघं हात लांब करून एकमेकांच्या ताटातलं उचलू शकतात. तीच जोडी घ्या, आणि तिकीट काढताना लगेच घ्या. न्हाणीघरं अगदी पुढे आहेत, म्हणून पहिल्या रांगेपेक्षा जरा मागची बरी, येणारे-जाणारे कमी.

आणखी एक सावधगिरी. मुंबई–दुबईला एमिरेट्सची दिवसाला बरीच विमानं आहेत, पण सगळी सारखी नाहीत. २०१४ पासून ए-३८० मुंबईला येतं. जानेवारी २०२५ पासून ए-३५० सुद्धा यायला लागलं, आणि त्यात फर्स्ट नाही. म्हणून ‘मुंबईपासूनच फर्स्ट’ असा हट्ट धरलात तर वेळ आपल्या सोयीने न निवडता विमानाच्या सोयीने निवडावी लागेल. गरज नाही. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असले की बॅगा थेट न्यूयॉर्कला जातात, आणि दुबईत लाउंज मिळतं ते पुढच्या टप्प्याच्या वर्गाप्रमाणे. मुंबईत मात्र बिझनेसचं लाउंज मिळेल, ते पुरे.

मुंबईतल्या लाउंजबद्दल फार लिहीत नाही. टी-२ चं, म्हणजे टर्मिनल २ चं, मोठं लाउंज चांगलं आहे. पण ज्यांनी लाउंज म्हणजे क्रेडिट कार्डावर दोन रुपये कापून मिळणारा इडली-सांबार आणि जागेसाठी ताटकळणं एवढंच पाहिलंय, त्यांनी दुबईची तुलना त्याच्याशी करू नये. दोन्हीकडे नाव लाउंजच असतं, एवढंच साम्य.

दुबईत टर्मिनल ३ चा काँकोर्स ए (काँकोर्स म्हणजे विमानांच्या गेटांची लांब इमारत) २०१३ मध्ये खास ए-३८० साठी उभारला. तिथे फर्स्टचं लाउंज इमारतीच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर पसरलंय आणि वरच्या मजल्याच्या प्रवाशांना लाउंजमधूनच थेट विमानात जाता येतं. गेटवर जाऊन उभं राहणं नाही, जिने नाहीत. आत खुर्चीवर बसून मेन्यूवरून मागवायचं जेवण, स्नानगृहं, शांत खोल्या, बूट पॉलिश करून देणारा माणूस, सिगारची खोली, अगदी ड्यूटी फ्रीचं दुकानसुद्धा. जागा एवढी मोठी की पहाटे तिथे माणूस शोधावा लागतो. विमान बी किंवा सी वरून निघणार असेल तर तिथेही फर्स्टची लाउंजं आहेत, पण बोर्डिंग पासवर गेट कोणत्या काँकोर्सचं आहे ते आधी बघा. ए आणि बी मध्ये ट्रेन लागते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला एका टोकाच्या लाउंजमधून दुसऱ्या टोकाला धावायला लावणं बरं नाही.

इथे वेळेचं गणित नीट बसवा, कारण चुका इथेच होतात. मुंबईहून पहाटेच्या विमानाने गेलात तर दुबईत हातात दोन-सव्वादोन तास उरतात. त्यातला तास चालण्यात आणि सुरक्षा तपासणीत जातो. लाउंज बघितलं न बघितलं असं होतं. उलट आदल्या संध्याकाळी गेलात तर रात्रभर ताटकळायचं. या वयाला मी असं सुचवतो: रात्रीच्या विमानाने मुंबई सोडायची, मध्यरात्रीच्या आसपास दुबई. टर्मिनलच्या आतच दुबई इंटरनॅशनल हॉटेल आहे, इमिग्रेशन ओलांडावं लागत नाही, तिथे खोली आधी राखून ठेवायची. चार-पाच तास पाठ टेकायची, पहाटे उठून लाउंजमध्ये जायचं. आंघोळ तिथेच, चहा तिथेच, आरामात बूट पॉलिश करून घ्यायचे. तीन तास लाउंजला पुरतात. सहा तास म्हणजे कंटाळा, मग ते कितीही भारी असो.

पुण्याहून मुंबईपर्यंत गाडी आपली करा. एमिरेट्स फर्स्ट-बिझनेसच्या प्रवाशांना गाडी देतं, पण तिला अंतराची मर्यादा असते. तिकीट कोणत्या टप्प्याचं, कोणत्या गावापर्यंत, हे बुकिंगच्या वेळीच विचारून लिहून घ्या. न्यूयॉर्कला उतरल्यावर न्यू जर्सीच्या घरापर्यंत ती गाडी मिळतेय का, हे जास्त महत्त्वाचं.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. फर्स्टचे प्रवासी आहोत, आता व्हीलचेअर कशाला, असा संकोच बाबांना वाटेल; वाटू द्या, पण मागा. टी-२ आणि दुबई दोन्हीकडे चाल खूप आहे. व्हीलचेअर ढकलणाऱ्यांना पुढचा प्रवासी असतो, त्यामुळे सोय पडली तर ते थेट गेटवर नेऊन सोडतात आणि निघून जातात. बाबांच्या खिशात एक चिठ्ठी द्या: ‘आधी फर्स्ट क्लास लाउंज, मग अमुक वाजता न्यायला या.’ इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. या एका चिठ्ठीने लोकांचे दोन-दोन तास वाचलेले मी पाहिलेत.

आता विमानातलं. चढल्याबरोबर खजूर आणि वेलदोड्याची अरबी कॉफी येईल. ती कोरी आणि कडवट असते, आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिलाच घोट तोंड वाकडं करेल. कपडे बदलायला पायजमा-शर्ट देतात, ते घालावेतच. चौदा तास साडीत आखडून बसायला हा पैसा घातलेला नाही. जेवायला ठरलेली वेळ नसते, हवं तेव्हा मागवायचं.

शाकाहाराबद्दल नीट वाचा. तिकिटात ‘हिंदू मील’ निवडू नका. ते शाकाहारी नसतं. गोमांस नसलेलं मांसाहारी जेवण असतं. पक्कं शाकाहारी हवं तर ‘एशियन व्हेजिटेरियन’, कांदा-लसूण नको असेल तर ‘जैन’. पण फर्स्टमध्ये आधीच खास जेवण लावलं की बहुतेक वेळा तुमच्या नावाचं एक ठरावीक ताट येतं आणि मेन्यूतली मजा जाते. मुंबई–दुबईला मेन्यूत भारतीय शाकाहारी पदार्थ असतातच. दुबई–न्यूयॉर्कला मेन्यू आधी बघून ठरवा. तिथली अरबी मेझे, म्हणजे हमुस (छोल्यांची चटणी), मुतब्बल (वांग्याचं भरीत), तबुले (पार्सलीची कोशिंबीर), ऑलिव्ह, ही आईंना आवडण्याची शक्यता बरीच आहे. कॅव्हियार म्हणजे माशाची अंडी, हे मात्र नक्की सांगा. चांदीच्या भांड्यासारखं काहीतरी सुंदर येतं आणि माणूस न विचारता चमचा घालतो.

उंचावर जिभेचं काय होतं, हेही माहीत असू द्या. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या गावाइतका असतो आणि हवा वाळवंटाहून कोरडी. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी केलेल्या चाचण्यांत मीठ आणि साखर जमिनीपेक्षा बरीच कमी जाणवते असं दिसलं. टोमॅटोची ‘उमामी’, म्हणजे भरीव रसरशीत चव मात्र टिकते, म्हणून विमानात टोमॅटो ज्यूस इतका खपतो. ‘एवढे पैसे देऊन वरण अळणी’ अशी तक्रार करण्याआधी लिंबू आणि लोणचं मागा. आणि पाणी पीत राहा. दारूचं म्हणाल तर एमिरेट्सच्या फर्स्टमध्ये दों पेरिन्यों ही नामांकित शॅम्पेन असते, बाबा घेत असतील तर एक ग्लास जरूर घ्यावा. उंचावर कोरड्या हवेत लवकर चढल्यासारखं वाटतं, म्हणून दुसरा विचार करून. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर पहिलाही डॉक्टरांना विचारून.

न्हाणीघराचं सगळ्यांनाच कुतूहल असतं. वर पुढे दोन आहेत. चढल्यावर लगेच वेळ नोंदवायची, साधारण अर्ध्या तासाची खोली मिळते, त्यात पाणी पाच मिनिटांचं. भिंतीवर दिव्याची पट्टी असते, हिरवी, मग पिवळी, मग लाल. साबण लावताना पाणी बंद करता येतं आणि मोजणी तिथेच थांबते, त्यामुळे पाच मिनिटं पुरून उरतात. जमीन गरम असते. प्रत्येक प्रवाशानंतर कर्मचारी खोली धुऊन-पुसून सज्ज करतात. चाळीस हजार फुटांवर डोक्यावरून पाणी ओतून घेणं यात गंमत आहे, नाही कशाला म्हणू. पण बाबांना मी एकट्याने जाऊ देणार नाही. विमान हललं की ओल्या जमिनीवर गुडघा दगा देतो. त्यांनी लाउंजमध्ये आंघोळ करावी आणि विमानात फक्त हात-पाय धुऊन, आरशात बघून यावं. आईंना हौस असेल तर जरूर, उतरण्याआधीच्या दोन तासांतली वेळ टाळून, कारण तेव्हा सगळ्यांनाच जायचं असतं.

वरच्या मजल्याच्या अगदी मागे बार आहे. दारू प्यायची नसली तरी दोन-तीन तासांनी तिथपर्यंत जाऊन यायला सांगा. सपाट पलंग मिळाला तरी चौदा तास एकाच जागी पडून पायात रक्त साकळण्याचा धोका जात नाही. बिझनेसच्या लांब केबिनमधून चालत जाऊन परत येणं हा चांगला व्यायाम होतो, आणि बारजवळ उभं राहून लिंबूपाणी मागितलं तरी कोणी हसत नाही.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांची खरी अडचण वेगळीच असते. ते बटण दाबत नाहीत. आमच्याकडून गेलेल्या एक काकू सबंध प्रवासात दोनदा चहा मागायला स्वतः उठून पडद्याआड गेल्या. ‘ती पोरगी एवढी दमलेली, तिला कुठे हाक मारायची?’ म्हणाल्या. अंथरूण घालून द्या, हे सांगायला तर फारच जड जातं. गादी, चादर, पांघरूण सगळं कर्मचारीच घालतात, पण सांगावं लागतं. घरी बसून आई-बाबांकडून तीन वाक्यं घोटून घ्या: आमचं अंथरूण घाला, जेवण आत्ता नको नंतर, आणि उतरायच्या दोन तास आधी उठवा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. हिंदी बोलणारं कोणी ना कोणी बहुतेक वेळा असतंच.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या वरच्या वर्गांवर जीएसटी १२ चा १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर ५ टक्केच आहे. पाच लाखांच्या भाड्यावर ९० हजार रुपये कर, तेव्हा दर विचारताना करासकट विचारा. क्रेडिट कार्डाचे पॉइंट माइल्समध्ये बदलून फर्स्ट काढण्याचा मार्ग एमिरेट्सपुरता अरुंद झालाय: २०२५ पासून ते तिकीट स्कायवर्ड्स या त्यांच्या सभासद योजनेतल्या सिल्व्हर आणि वरच्या दर्जाच्या सभासदांनाच मिळतं. बिझनेस काढून चेक-इनच्या वेळी पैसे भरून फर्स्टला बढती घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं, मी स्वतः तेच करतो. पण दोन जागा, त्याही शेजारी-शेजारी, त्या दिवशी मिळतीलच याची खात्री नसते. भेट द्यायचीय तर जुगार नको. आणि नीटनेटके कपडे घातले की फुकट बढती मिळते, ही अफवा आहे. विमान भरलं तर आधी कार्डवाले सभासद आणि महागडं तिकीट काढलेले प्रवासी वर जातात.

तिकीट काढल्यावर महिन्यातून एकदा बुकिंग उघडून विमानाचा प्रकार बघत जा. ए-३८० चं ७७७ झालं तर जागा आपोआप विखुरतात, आणि लवकर कळलं तर बदलून घेता येतं.

सामान: अमेरिकेच्या मार्गावर फर्स्टला प्रत्येकी ३२ किलोच्या दोन बॅगा. लोणची, बाकरवडी चेक-इनमध्ये घाला. मांस, ताजी फळं आणि बिया नकोत.

टिपेबद्दल विचारलंत, तर विमानात आणि दुबईच्या लाउंजमध्ये देत नाहीत, दिली तर कर्मचारीच अवघडतात. न्यूयॉर्कच्या गाडीवाल्याला मात्र द्यायची पद्धत आहे. दहा-वीस डॉलरच्या सुट्या नोटा बाबांच्या वरच्या खिशात वेगळ्या ठेवा, पासपोर्टच्या पाकिटात नको. रस्त्यावर उभं राहून पासपोर्ट, औषधं आणि नोटा एकदम बाहेर काढायची वेळ येऊ नये.